आक्कांचं अत्तर आणि आबांचं नाक

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावास्येला केस धुते, तिन्हीसांजेला नखं कापते, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच सावकाश जा म्हणते. हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी गेली. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते आणि वाचून झाले की निवांत झोपते. त्यामुळे आपणच एक दिवस इथे लिहायला बसू असं कधी वाटलं नव्हतं.

माझ्या अनुभवात भूत नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही, कुणी मेलेलं परत आलेलं नाही. फक्त एक वास आहे... आणि गंमत म्हणजे तोही मला आला नाही! ज्यांना आला त्यांच्या शेजारी मी छत्री धरून उभी होते. तेवढीच माझी साक्ष.

१९९३ साली लग्न होऊन मी मिरजेहून कोल्हापुरात आले. मंगळवार पेठेत आमचं घर. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे न्हाणी आणि पाण्याची टाकी. घरात माझे मिस्टर, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत आणि सासूबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणे, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले.

आक्कांचं माहेर गडहिंग्लजच्याही खाली, पार सीमेजवळ. रागावल्या की अर्धं कानडीत बोलायच्या. ठेंगणी मूर्ती, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि आवाज असा की खालून हाक मारली तर तिसऱ्या घरातली बाई 'ओ' द्यायची. त्यांना आयुष्यात एकच शौक होता — मोगऱ्याचं अत्तर. सकाळी आंघोळ झाली, देवापुढे दिवा लागला की कपाटातून छोटी कुपी निघायची. बोटाच्या टोकाला एक थेंब. दोन्ही कानांमागे, दोन्ही मनगटांवर, आणि बोटाला उरलेलं पदराच्या काठाला पुसून टाकायचं. मग त्या चूल-भांड्यांच्या, कांद्या-लसणाच्या सगळ्या कारभारातून दिवसभर तो वास घेऊन फिरायच्या.

मी माहेरी पावडरीपलीकडे काही लावलेलं नव्हतं. सुवासिक म्हणजे उथळ अशी काहीतरी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात आक्कांनी माझा हात ओढून मनगटावर थेंब टेकवला. मी सवयीने दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली, तशी चापट बसली. "रगडू नगो. जीव जातो त्येचा. नुसतं ठेव, त्येचं त्ये उमलतंय."

आणि खरंच की हो! पहिल्यांदा नाकात शिरला तेव्हा इतका गोड, की थोडा जडच वाटला. दुपारी वह्या तपासताना हात तोंडाजवळ गेला तर तो मऊ झालेला. संध्याकाळी नुसतीच एक ओळख उरलेली, उन्हात वाळवलेल्या कपड्यांत गजरा राहून गेल्यासारखी. तोच मोगरा आक्कांच्या अंगावर वेगळा आणि माझ्या अंगावर वेगळा यायचा. त्या दिवसापासून मला जे वेड लागलं ते आजतागायत आहे. शाळेत पोरी म्हणायच्या, बाई वर्गातून गेल्या तरी तास संपेपर्यंत वर्गात असतात.

आता आबांबद्दल. आबा जुने पैलवान. तरुणपणी पेठेतल्या तालमीत होते, नंतर तिथेच पोरांना शिकवायचे. कान मोडलेले, मान आणि खांदे एकाच रुंदीचे, आणि नाक... नाक म्हणजे मधोमध बसलेलं एक वांगं. लग्नाच्या आधी, विशीत, सरावाच्या कुस्तीत समोरच्याचं डोकं थेट नाकावर बसलं होतं. रक्त थांबलं, हाड जुळलं, पण त्या दिवसापासून आबांना वास येईनासा झाला. कुठलाच. दूध करपून स्वयंपाकघरात धूर झाला तरी हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले मी स्वतः पाहिले आहेत.

मी पडले शास्त्राची बाई. मी त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं की वासाच्या नसा तुटून इतकी वर्षं झाली आहेत, आता त्यात जीव येणं शक्य नाही. आबा दवाखान्यातून बाहेर पडले आणि म्हणाले, चल, मिसळ खाऊ. मिसळ खाताना तिखट लागतं, चव लागत नाही, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

या माणसाच्या बायकोला गल्लीतलं शेंबडं पोरही वासावरून ओळखायचं. दूधवाला जिन्यात थांबून म्हणायचा, आक्का आत्ताच मंडईला गेल्या जणू. केएमटीच्या बसमध्ये त्या उठून गेल्या की त्या सीटवर बसणारी बाई इकडे तिकडे बघायची. सगळ्या पेठेला जे माहीत होतं ते एकट्या आबांना माहीत नव्हतं. घरात यावर कुणी बोलायचं नाही. आबाही आक्कांसमोर तो विषय काढायचे नाहीत. पण आक्का बाहेर गेल्या की मात्र मला गाठायचे.

"सूनबाई, आज लावलंय व्हय तिनं?"

लावलंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला — कसा हाय? मी म्हणायची, गोड. ते विचारायचे, गुळागत का खव्यागत? मी सांगायची, तसा नाही आबा, फुलासारखा, मोगरा तुम्ही लहानपणी हुंगलाच असेल की. मग ते डोळे मिटून बसायचे. एकदा फार वेळ बसले आणि म्हणाले, "मोगरा म्हटलं की पांढरं फूल दिसतंय बघ. वास कुठं ठिवलाय त्येवढा घावत न्हाय." एवढं बोलून ते तालमीकडे गेले आणि मी भांडी घासताना रडले. त्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. बायकोचा वास एकदा यावा, एवढंच.

पुढची गोष्ट १९९८ च्या आषाढातली.

राधानगरीच्या पुढे, धरणाच्या वरच्या अंगाला आबांच्या भावकीची वाडी आहे. तिथले आबांचे सगळ्यात थोरले चुलते वारले. वय झालेलं, नातवंडं-पतवंडं पाहिलेली, त्यामुळे दुःख असं फार कुणाला नव्हतं. पण सुतक ते सुतक. आमच्याकडे सुतकात फूल, गजरा, अत्तर काही चालत नाही. आक्का तशा बंडखोर, पण या बाबतीत पक्क्या. बातमी आली त्याच दिवशी त्यांनी कुपी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. माझ्याकडं ऱ्हायली तर हात जाईल म्हणाल्या. त्यानंतर चार-पाच दिवस घरात आक्का आहेत का नाहीत हेच कळायचं नाही, इतकं घर मुकं मुकं वाटायचं.

दिवसकार्यासाठी आम्ही सगळे वाडीला गेलो. किल्ली माझ्या पर्समध्ये, कुपी कोल्हापुरात. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

ज्यांनी आषाढातला तो भाग पाहिलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पाऊस थांबतच नाही आणि वरून धुकं. सकाळी अंगणातली म्हैस नीट दिसत नव्हती. पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, हातात टमरेल घेऊन परसाकडे गेल्या. वाडीत तेव्हा संडास कुठले? वाडीतली माझी चुलत जाऊबाई म्हणाली मी येते सोबतीला. आक्का तिला म्हणाल्या, मी काय आज पहिल्यांदा चाललोय व्हय.

चहा झाला. दुसरा चहा झाला. आक्का आल्या नाहीत.

पहिल्यांदा कुणाला काळजी वाटली नाही. मग जाऊबाई उठून पाहून आली, हाका मारून आली. मग मिस्टर उठले. मग एकेक करून घरातले सगळे पुरुष उठले. त्यातल्या कुणीतरी हळूच म्हटलं की काल संध्याकाळी गव्यांचा कळप वरच्या रानातून उतरला होता. खाली धरणाचं पाणी, वर गवे, आणि मध्ये सगळीकडे ओघळी, त्या धुक्यात पायाखालचंही दिसेना. माणसं कंदील आणि काठ्या घेऊन खालच्या अंगाला पांगली, कारण पायवाट तिकडेच उतरते आणि घसरलं तर माणूस तिकडेच जाणार. सगळे ओरडत होते. पण पानांवर पाऊस असा वाजत होता की दहा पावलांवरची हाक ऐकू येत नव्हती.

आबांचे गुडघे तोपर्यंत गेलेले. त्यांना सगळ्यांनी दटावून घराच्या पुढच्या सोप्यात बसवलं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मला. ते बसले. काठी दोन्ही हातांत धरून नुसते समोर बघत होते. मी काहीबाही बोलत होते, येतील आक्का, कुठेतरी आडोशाला थांबल्या असतील असलं. ते ऐकत नव्हते. त्यांचा जबडा हलत होता. मी त्यांना घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

आणि मग अचानक त्यांनी मान वर केली.

"पोरी, तुला कसला वास यायलाय?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. माझं नाक उत्तम आहे. मी म्हटलं, ओल्या मातीचा, शेणाचा, चुलीच्या धुराचा.

"न्हाय. ग्वाड. लई ग्वाड वास यायलाय."

ते उठले. डोक्यावर काही न घेता पावसात उतरले. मी छत्री घेऊन मागे धावले, आबा, आबा करत. सगळी माणसं खाली गेली होती, हे चढाला लागले. मी दंड धरून मागे ओढायला बघितलं, पण पैलवानाला ओढणार कोण? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तोंड किंचित उघडं, नाकपुड्या फुललेल्या. ज्या नाकाचे फोटो मी स्वतः उजेडात धरून पाहिले होते तेच नाक घेऊन हा माणूस वास काढत चालला होता.

दोन वाटा फुटल्या तिथे थांबले. डावीकडे थोडे गेले, मान हलवली, मागे आले. "हितं न्हाय," एवढंच म्हणाले आणि उजवीकडे वळले. काजूच्या झाडांमधून गेलो, गुरांची वाट सोडली, करवंदीच्या जाळ्या बाजूला केल्या. माझी साडी फाटली. मी मध्ये मध्ये जोरात श्वास घेऊन बघत होते, मलाही काही येतंय का म्हणून. पाऊस आणि कुजका पाला, दुसरं काही नाही. एवढ्या पावसात वास टिकणं शक्यही नाही, हे मी पोरांना शिकवत आले आहे.

कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, एका बेटापाशी आबा थांबले आणि खाली बघायला लागले. तिथे एक खोल ओघळ होती, वरून पाल्याने झाकलेली. आणि त्या ओघळीत, कमरेपर्यंत चिखलात, पाय दोन दगडांच्या मध्ये अडकलेला, डोक्यावरची खोळ फाटलेली, आक्का बसलेल्या होत्या. हातात टमरेल तसंच. ओरडून ओरडून घसा बसला होता. धुक्यात वाट चुकून त्या भलत्याच दिशेला चढत गेल्या होत्या.

मी रडायलाच लागले. आबा काठी टाकून ओघळीत उतरले. कसे उतरले कोण जाणे, घरी जिना चढताना माझा खांदा धरायचे. त्यांनी दगड हलवला, पाय सोडवला, आणि तिथेच चिखलात गुडघ्यावर बसून आक्कांच्या मानेपाशी नाक नेलं. माझ्यासमोर! त्या पिढीतला माणूस, सुनेसमोर! मी दुसरीकडे बघायला पाहिजे होतं, पण बघितलं नाही.

आक्का संकोचल्या. फुटक्या आवाजात म्हणाल्या, "अवो, काय करालाय? सूनबाई हाय."

"वास यायलाय मला तुझा."

"कसला वास? म्या काय लावलंय? सुतक हाय न्हवं?"

आबांनी आणखी एकदा श्वास घेतला. आणि मग त्यांच्या तोंडावर जे हसू आलं... मी त्यांना नातवाच्या बारशालाही तसं हसताना पाहिलं नाही.

"सगळी म्हंत्यात तू मोगरा लावतीस. ह्यो कुठला मोगरा? ह्यो सोनचाफा हाय. आमच्या तालमीच्या हिरीवर झाड हुतं त्येचं, मी चुकायचो न्हाय."

आक्का आबांकडे अशा बघत होत्या की जणू हा माणूस आजच भेटला. आणि मग एकदम हसायला लागल्या. बसलेल्या घशाने, चिखलात बसून, पावसात, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आबाही हसत होते. मी वर उभी, छत्री उलटी झालेली, आणि कारण माहीत नसताना मीपण हसत होते.

आबांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि उतार उतरले. अर्ध्या वाटेत मिस्टर आणि बाकीचे भेटले, ते घ्यायला पुढे झाले तर आबांनी दिलं नाही. अंगणात येईपर्यंत पाठीवरच. कुस्ती मारून आल्यासारखी छाती होती त्यांची.

आक्कांचा पाय मुरगळला होता, मोडला नव्हता. हळद-चुना लावून, शेक देऊन त्यांना चुलीजवळ झोपवलं. आणि मग मी माझं शास्त्र सुरू केलं. सोनचाफा पावसाळ्यात फुलतो, म्हणजे आसपास झाड असणार, एवढं तर मला कळत होतं. वाडीतल्या प्रत्येकाला विचारलं. कळकाच्या बेटाकडे एकही झाड नाही, उभ्या वाडीत नाही, पलीकडच्या वाडीतही नाही. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर मी स्वतः जाऊन पाहून आले. काजू, करवंद, कळक. बरं, झाड असतं तरी काय? ज्यांना वास येतच नाही त्यांना झाडाचा कसा येईल?

आबांचं नाक सुधारलं का, तर तेही नाही. वाडीतल्या घरी आल्या आल्या ते सगळीकडे नाक खुपसत फिरले. चुलीत, म्हशीच्या अंगाला, खोबरेल तेलाच्या बाटलीत. मी कापूर दिला, कांदा फोडून दिला. काही नाही. नाक पहिल्यासारखंच ठार बंद. मला फार वाईट वाटलं. पण आबांना मुळीच वाटलं नाही. भेटेल त्याला सांगत होते, कार्याला आलेल्या भटजींनाही सांगितलं. सोनचाफा, बरं का. मोगरा न्हवं.

दुपारी सगळे पांगल्यावर आक्कांनी मला जवळ बोलावलं. शेक चालू ठेव म्हणाल्या आणि हळू आवाजात सांगायला लागल्या.

लग्न होऊन त्या कोल्हापुरात आल्या तेव्हा आबांना वास येत नाही हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. लग्न ठरवताना लपवलं होतं, पैलवानाचं नाक म्हणजे काय म्हशीचं दूध आहे का तपासून घ्यायला, असा विचार. आक्कांनी माहेराहून येताना एक कुपी आणली होती. संपिगेचं अत्तर. त्यांच्याकडे सोनचाफ्याला संपिगे म्हणतात. आईने दिलं होतं, नवऱ्यासाठी लाव म्हणून. त्या रोज लावायच्या. आणि आबा रोज, चहाचा कप हातात घेताना, इकडे तिकडे बघून म्हणायचे — लई ग्वाड वास हाय. नवी नवरी खूश. असे काही महिने गेले. मग एकदा कुणाचं तरी सुतक आलं, आक्कांनी अत्तर लावलं नाही, आणि आबा कप घेताना नेहमीसारखे म्हणाले... लई ग्वाड वास हाय.

"तवा कळलं मला," आक्का म्हणाल्या. "सगळं खोटं. मी मूर्खागत रोज लावालोय आणि ह्यो माणूस रोज नाटक कराला."

त्या दिवशी त्यांनी आबांना जे काय सुनावलं ते सगळं कानडीत, त्यामुळे आबांना त्यातलं फारसं कळलं नाही म्हणे. ती कुपी धाकट्या बहिणीला देऊन टाकली. वर्षभर काहीच लावलं नाही. मग एकदा महाद्वार रोडला मोगऱ्याचं अत्तर हुंगलं, आवडलं, आणि स्वतःसाठी म्हणून लावायला सुरुवात केली. ते कायमचं.

मी विचारलं, आबांना कधी सांगितलं होतं का, तेव्हा कुठलं अत्तर लावायचा ते? आक्का म्हणाल्या, "त्येनी कधी इचारलंच न्हाय. इचारलं असतं तर नाटक उघडं पडलं असतं की."

मी शंकेखोर आहे. मी म्हणते, कदाचित कधीतरी कुणाच्या तरी तोंडून त्यांच्या कानावर गेलं असेल, डोक्याच्या एखाद्या कोपऱ्यात राहिलं असेल, आणि भीतीपोटी मनाने तो वास निर्माण केला असेल. असं होतं, पुस्तकात आहे. मान्य. पण मग वाट? सगळे खाली गेले असताना हा माणूस वर का गेला? फाट्यावरून मागे का फिरला? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, डॉक्टरांकडे मिळालं नाही. ते डॉक्टर तर माझ्याचकडे संशयाने बघायला लागले. आक्कांनाही विचारून बघितलं, तिथे बसल्या बसल्या तुमच्या मनात काय चाललं होतं, त्या जुन्या दिवसांची आठवण वगैरे? त्या म्हणाल्या, पाय दुखत होता, दुसरं काय चालणार.

सुतक फिटलं, आम्ही कोल्हापूरला आलो. आक्कांचा पाय जमिनीला टेकायला लागला नव्हता, तेवढ्यात आबा मला म्हणाले, चल. महाद्वार रोडच्या आतल्या बोळात आक्कांचे नेहमीचे अत्तरवाले चाचा. पेठेतला पैलवान दुकानात शिरलेला बघून चाचा उभेच राहिले. आबा म्हणाले सोनचाफा दाखवा. चाचांकडे त्याचे तीन-चार प्रकार. एक मनगटावर, एक दुसऱ्या मनगटावर, एक कोपराला. सगळं माझ्याच हातांवर, कारण आबांचा काय उपयोग? आणि आबा उत्सुकतेने विचारतात, तसलाच हाय का?

आता मी काय सांगणार! ज्यांनी तो वास घेतला होता त्यांना वास येत नव्हता, आणि मला येत होता तर मी तो घेतला नव्हता. चाचा आमच्याकडे आलटून पालटून बघत होते. शेवटी आक्कांनाच रिक्षात घालून आणलं. त्यांनी लंगडत दुकानात येऊन पहिली कुपी बाजूला सारली, दुसरी सारली, तिसरी नाकाशी नेली आणि तिथेच थांबल्या. चाचांनी न सांगता ती बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ, दिवा, आणि नवी कुपी. मी स्वयंपाकघरात होते, मला आधी वासच आला. मोगऱ्याहून भरदार, पिवळाधमक, पिकल्या फळासारखा गोड. आबा चहाची वाट बघत बसले होते. आक्का कप घेऊन गेल्या आणि कप न देता समोर उभ्या राहिल्या. आबांनी मान वर केली. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. मी दाराआडून बघत होते.

आबांनी डोळे उघडले, आणि जे लग्न झाल्यापासून कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाले.

"न्हाय गं. काय यायला न्हाय."

आक्कांनी कप त्यांच्या हातात दिला. वाईट वाटल्याचं तोंडावर चिन्हसुद्धा नाही. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "नसूं दे. लावायचं माझं काम हाय, मी लावतो. पोचंल तवा पोचंल."

मग त्या आत आल्या आणि मला म्हणाल्या, दूध उतू चाललंय, बघतीस काय.